पंचांगातला हर्षल



आपल्या घरोघरी भिंतीवर दिनदर्शिका टांगलेली असते. तिच्या मागच्या पानावर शनी, राहू, केतू यांच्या पंगतीला हर्षल असे एक नाव छापलेले असते. राशिभविष्याशी आपल्याला काही कर्तव्य नाही. पण हे नाव कोणाचे, हे मात्र जाणून घेण्यासारखे आहे. ऐकायला ते अस्सल मराठी वाटते, आणि हर्षल नावाची मुले आपल्याही ओळखीत असतात. पंचांगातला हर्षल मात्र एक हाडामांसाचा माणूस होता. चर्चमध्ये ऑर्गन वाजवून पोट भरणारा एक जर्मन संगीतकार. जग ज्या ग्रहाला युरेनस म्हणते, त्याला मराठी माणसाने शोधणाऱ्याचेच नाव दिले. विल्यम हर्शल यांचा एवढा मान क्वचितच कोणी ठेवला असेल.

परंतु आज आम्ही त्यांच्याविषयी लिहीत आहोत ते या ग्रहासाठी नव्हे. आपण ज्या तारकाविश्वात राहतो त्याचा आकार कसा आहे, हे मोजून पाहण्याचा पहिला खरा प्रयत्न त्यांनी केला. तो प्रयत्न बराचसा चुकला, आणि चुकल्याचे त्यांनी स्वतःच जाहीर केले. त्यांच्या चरित्रातील हा भाग आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो.

इंदिरानगरच्या रस्त्यांवर आता रात्रभर इतका उजेड असतो की आकाशगंगा दिसतच नाही. त्र्यंबकच्या पुढे हरसूलकडे किंवा पेठच्या वाटेवर अमावास्येच्या रात्री गाडी थांबवून वर पाहिले, तर दुधाळ पट्टा अजून दिसतो. तो पट्टा म्हणजे असंख्य ताऱ्यांचा समूह, आणि आपला सूर्य त्या समूहातलाच एक. म्हणजे आपण आकाशगंगेकडे बाहेरून पाहत नाही, तिच्या आत बसून पाहतो. घराबाहेर कधीच पाऊल न टाकलेल्या माणसाने घराचा आकार कसा सांगावा? हर्शल यांच्यापुढे नेमका हाच प्रश्न होता.

बँडवाल्याचा मुलगा

विल्यम यांचा जन्म १५ नोव्हेंबर १७३८ रोजी जर्मनीतील हॅनोवर येथे झाला. वडील आयझॅक हे सैनिकी बँडमध्ये ओबो नावाचे वाद्य वाजवीत. घरात पैसा कमी, पण संगीत आणि गप्पा भरपूर. चौदाव्या वर्षी विल्यमही त्याच बँडमध्ये भरती झाले. १७५७ साली युद्धात हॅनोवरच्या सैन्याची वाताहत झाली, तेव्हा आईवडिलांनी मुलाला इंग्लंडला धाडले. खिशात जवळजवळ काही नव्हते. लंडनमध्ये त्यांनी संगीताच्या वह्यांच्या नकला करून दिवस काढले. पुढे उत्तर इंग्लंडमध्ये बँड शिकवला, मैफली केल्या, शिकवण्या घेतल्या. १७६६ साली बाथ या गावातील ऑक्टॅगन चॅपेल या अँग्लिकन उपासना मंदिरात त्यांना ऑर्गनवादकाची जागा मिळाली. त्यांनी चोवीस सिंफनी रचल्या. आपल्या गायनवृंदातील मुलांनी हे लक्षात ठेवावे: हे गृहस्थ दिवसभर शिकवण्या आणि तालमी करीत आणि रात्री पुस्तके वाचीत.

१७७२ साली त्यांनी धाकटी बहीण कॅरोलाइन हिला हॅनोवरहून बाथला आणले. तेव्हा ती बावीस वर्षांची होती. दहाव्या वर्षी झालेल्या तापाने तिची वाढ खुंटली होती. उंची जेमतेम सव्वाचार फूट. हिचे लग्न व्हायचे नाही, तेव्हा हिने घरची धुणीभांडी करावी, असे आईने ठरवून टाकले होते. शिक्षणालाही आईचा विरोध होता. विल्यम यांनी आईला नोकर ठेवण्यासाठी दरवर्षी पैसे देण्याचे कबूल केले, तेव्हा कुठे कॅरोलाइनची सुटका झाली. भावाने तिला गाणे शिकवले, इंग्रजी शिकवले, हिशेब शिकवला. ती चांगली गायिका झाली.

आरसे आणि घोड्याची लीद

संगीतातील स्वरांचे गणित समजावे म्हणून विल्यम यांनी रॉबर्ट स्मिथ यांचे पुस्तक वाचले. त्याच लेखकाचे दुसरे पुस्तक प्रकाशशास्त्रावर होते. त्यातून दुर्बिणीचे वेड लागले. बाजारात हवी तशी दुर्बीण मिळेना, म्हणून त्यांनी स्वतःच आरसे बनवायला घेतले. त्या काळी दुर्बिणीचा आरसा काचेचा नसे. तांबे आणि कथील वितळवून, ओतून तो घडवीत आणि तासन् तास घासून चकाकी आणीत. साच्यासाठी घोड्याची वाळलेली लीद कुटून चाळावी लागे, आणि ते काम कॅरोलाइनकडे होते. एकदा सोळा तास विल्यम यांनी आरशावरून हात काढला नाही. बहिणीने त्यांना घास भरवले आणि कंटाळा येऊ नये म्हणून पुस्तक वाचून दाखवले. १७८१ साली मोठा आरसा ओतताना भट्टी फुटली, तप्त धातू फरशीवर सांडला आणि फरशीचे दगड उडू लागले. सर्वजण कसेबसे बाहेर पळाले.

त्याच वर्षी १३ मार्चच्या रात्री घराच्या परसातून पाहताना त्यांना एक वेगळा तारा दिसला. ताऱ्यासारखा टिंब नव्हे, लहानशी चकती. त्यांना तो धूमकेतू वाटला. पण इतरांनी त्याची कक्षा मोजली तेव्हा कळले की हा शनीच्या पलीकडचा ग्रह आहे. मानवाला प्राचीन काळापासून माहीत असलेल्या ग्रहांत पहिल्यांदाच भर पडली होती. १७८२ साली राजा तिसरा जॉर्ज याने त्यांना वर्षाला दोनशे पौंडांचे मानधन सुरू केले. संगीतातून त्यांची कमाई याहून जास्त होती. तरी वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी त्यांनी ती सोडली. कॅरोलाइनचे गाणेही तिथेच थांबले. तिला कोणी विचारले होते की नाही, हा प्रश्न चरित्र वाचताना मनात राहतो.

द्राक्षबागेतून जाताना

आता ताऱ्यांच्या गतीकडे वळू. तारे स्थिर आहेत असे हजारो वर्षे मानले जात होते. ज्यांच्या नावाच्या धूमकेतूची १९८६ साली एवढी चर्चा झाली, त्या एडमंड हॅली यांनी १७१८ साली दाखवले की व्याध, स्वाती आणि रोहिणी हे तारे प्राचीन ग्रीकांनी नोंदवलेल्या जागेवरून थोडे सरकले आहेत. ताऱ्यांच्या अशा सरकण्याला निजगती म्हणतात. ती इतकी सूक्ष्म असते की माणसाच्या आयुष्यात डोळ्यांना कळत नाही.

हर्शल यांनी विचार केला: तारे सरकत असतील तर सूर्यही एक तारा आहे, मग तो एकटाच का जागेवर बसेल? पण आपण स्वतः सरकतो आहोत हे ओळखायचे कसे? आपण नाशिककरांना हे समजायला सोपे आहे. दिंडोरी रस्त्याला द्राक्षबागेच्या दोन ओळींमधून चालत गेले, तर समोरचे खांब आपल्याला वाट देत बाजूला होताना दिसतात आणि मागे वळून पाहिले तर खांब एकमेकांजवळ येताना दिसतात. खांब जागचे हललेले नसतात; चालत आपण असतो. तसेच सूर्य एखाद्या दिशेने जात असेल, तर त्या दिशेचे तारे पांगताना आणि विरुद्ध दिशेचे जवळ येताना दिसले पाहिजेत.

१७८३ साली त्यांनी इतर खगोलशास्त्रज्ञांनी नोंदवलेल्या अवघ्या डझनभर ताऱ्यांच्या गती हाती घेतल्या. प्रत्येक ताऱ्याची स्वतःची चाल वेगळी, त्यामुळे गोंधळ होताच. पण त्या सर्वांत मिळून एक समान सरकणे दडलेले होते. त्यावरून त्यांनी सांगितले की सूर्य आपल्या सर्व ग्रहांना घेऊन शौरी तारकासमूहातील एका ताऱ्याच्या दिशेने, म्हणजे तेजस्वी अभिजित ताऱ्याच्या बाजूला, निघाला आहे. आजच्या मोजमापाने येणारी दिशा यापासून काही अंशच दूर आहे. एवढ्या थोड्या माहितीवर एवढे अचूक उत्तर! कोपर्निकसने पृथ्वीला मध्यावरून हलवले होते. हर्शल यांनी सूर्यालाही प्रवासाला लावले.

तारे मोजणारी भावंडे

त्याच वर्षी त्यांनी वीस फूट लांबीची नवी दुर्बीण उभी केली. तिचा आरसा सुमारे एकोणीस इंचांचा होता. तुलनेसाठी सांगतो, की शंभर वर्षांनंतर, १८८८ साली, कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात जी वेधशाळा उभारली तिच्यातील वीस इंची दुर्बीण पुढे कित्येक दशके भारतातील सर्वांत मोठी होती.

या दुर्बिणीतून हर्शल यांनी आकाशाचे छोटे छोटे तुकडे पाहून प्रत्येकातले तारे मोजले. असे सहाशेहून अधिक ठिकाणी केले. कुठे एखाददुसरा तारा, तर आकाशगंगेच्या पट्ट्यात एकाच दृष्टिक्षेपात पाचशेहून जास्त. दिव्याकडे पाहिले की अंधाराला सरावलेले डोळे बिघडतात, म्हणून विल्यम शिडीवरून ओरडून सांगत आणि कॅरोलाइन दिव्याजवळ बसून घड्याळ पाहून लिहून घेत असे. दुसऱ्या दिवशी ती सर्व नोंदी स्वच्छ लिहून आकडेमोड करी. १७८३ सालच्या शेवटच्या रात्री बर्फातून धावताना ती घसरली आणि दुर्बिणीच्या यंत्रणेतला लोखंडी आकडा तिच्या मांडीत घुसला. सोडवताना मांसाचा तुकडा निघाला. जखम भरायला आठवडे लागले.

मोजणीवरून आकार कसा काढायचा? हर्शल यांनी दोन गोष्टी गृहीत धरल्या. तारे सगळीकडे सारख्या अंतरावर पसरलेले आहेत, ही एक. आपली दुर्बीण समूहाच्या काठापर्यंत पोचते, ही दुसरी. मग हिशेब सरळ होता. ज्या दिशेला तारे जास्त, त्या दिशेला काठ लांब. आठपट तारे म्हणजे दुप्पट अंतर. १७८५ साली त्यांनी नकाशा प्रसिद्ध केला. त्यात आपला तारकासमूह चपटा होता, भाकरीसारखा. लांबी जाडीच्या पाचपटींहून अधिक, कडा फाटक्या, एका बाजूला खोल चीर, आणि सूर्य जवळजवळ मध्यावर. हा समूह चकतीसारखा असावा, असे तत्त्वज्ञ कांट याने तीस वर्षांपूर्वी तर्काने म्हटले होते. हर्शल यांनी तेच मोजून दाखवले.

चुकलेला नकाशा

सेमिनरीत तर्कशास्त्र शिकताना आम्हाला एक गोष्ट वारंवार बजावली जाई: युक्तिवाद बिनचूक असला तरी गृहीतक खोटे असेल तर निष्कर्षाचा भरवसा नाही. हर्शल यांचे गणित बरोबर होते. दोन्ही गृहीतके मात्र चुकीची होती.

ते स्वतःच पुढे शोधत राहिले म्हणून हे उघडकीला आले. राजाने दिलेल्या चार हजार पौंडांतून त्यांनी १७८९ साली चाळीस फूट लांब दुर्बीण पूर्ण केली. तिचा आरसा चार फूट रुंद होता. बांधकाम चालू असताना राजा आणि कँटरबरीचे आर्चबिशप त्या नळीतून चालत गेले. आर्चबिशप अडखळले, तेव्हा राजाने हात पुढे केला आणि स्वर्गाची वाट आपण दाखवतो असा विनोद केला, ही आठवण कॅरोलाइनने लिहून ठेवली आहे. ही दुर्बीण हाताळायला फार अवघड निघाली, पण तिच्यातून आणखी दूरचे तारे दिसले. म्हणजे आधीची दुर्बीण काठापर्यंत पोचलीच नव्हती.

दुसरा धक्का जोडताऱ्यांनी दिला. एकमेकांजवळ दिसणारे दोन तारे वर्षानुवर्षे मोजल्यावर १८०३ साली त्यांनी दाखवून दिले की अशा कित्येक जोड्या खरोखरच एकमेकांभोवती फिरतात. आपल्या पुनर्वसू नक्षत्रातला एक तारा अशीच जोडी आहे. पण त्या जोड्यांत एक तारा तेजस्वी आणि दुसरा मंद असे. दोघेही सारख्याच अंतरावर, तरी तेज वेगळे! मंद तारा म्हणजे दूरचा तारा, हा हर्शल यांचा आयुष्यभराचा हिशेब त्यामुळे ढासळला. शिवाय तारे सारखे पसरलेले नसून ठिकठिकाणी पुंजके करून आहेत, हेही त्यांना दिसत गेले.

वृश्चिक राशीजवळ एका ठिकाणी तारे एकाएकी नाहीसे होत. हर्शल यांना तिथे आकाशात भोक आहे असे वाटले. वास्तविक तिथे ताऱ्यांना झाकणारा धुळीचा ढग आहे. ही धूळ सर्वत्र पसरली आहे, हे १९३० साली सिद्ध झाले. आत बसून काठ शोधणाऱ्याच्या भोवती धुके होते आणि त्याला ते माहीत नव्हते. म्हणूनच सूर्य त्याला मध्यावर वाटला. धुक्यात उभ्या असलेल्या प्रत्येकाला आपणच मध्यावर आहोत असे वाटते.

१८११ साली आणि पुन्हा १८१७ साली, वयाच्या सत्तरीनंतर, त्यांनी आपली गृहीतके टिकत नाहीत असे जाहीरपणे लिहिले. ज्या संस्थेच्या पत्रिकेत नकाशा छापला होता तिथेच. आकाशगंगेचा ठाव आपल्या दुर्बिणींना लागत नाही, हे त्यांनी मान्य केले. कोणी त्यांना भाग पाडले नव्हते. उलट लोकांना तो नकाशा इतका आवडला होता की पुढेही पुस्तकांतून तोच छापला जात राहिला.

हर्शल दोषरहित होते असे आम्ही म्हणत नाही. सूर्यावरही वस्ती असावी, असे ते मानत. १७८८ साली त्यांनी मेरी पिट या विधवा बाईंशी लग्न केले, तेव्हा सोळा वर्षे भावाचे घर सांभाळणाऱ्या कॅरोलाइनला भाड्याच्या खोलीत जावे लागले. त्यानंतरच्या दहा वर्षांच्या रोजनिशीची पाने तिने नष्ट केली. पण पुढे भावजयीशी तिचे चांगले जमले आणि भाचा जॉन तर तिचा जीव की प्राण होता. तिने स्वतः आठ धूमकेतू शोधले. १७८७ पासून राजाने तिला वर्षाला पन्नास पौंड दिले. आयुष्यात पहिल्यांदाच तिच्या हाती स्वतःच्या कमाईचे पैसे आले.

विल्यम हर्शल २५ ऑगस्ट १८२२ रोजी निवर्तले. अप्टन येथील सेंट लॉरेन्स चर्चमध्ये त्यांना पुरण्यात आले. त्यांच्या ग्रहाला सूर्याभोवती एक फेरी घालायला चौऱ्याऐंशी वर्षे लागतात. चौऱ्याऐंशीला ते अवघ्या तीन महिन्यांनी कमी पडले. कॅरोलाइन हॅनोवरला परतली. भाच्यासाठी तिने भावाने शोधलेल्या अभ्रिकांची नवी यादी तयार केली आणि त्याबद्दल १८२८ साली तिला खगोलशास्त्र संस्थेचे सुवर्णपदक मिळाले. १८४८ साली, सत्त्याण्णवाव्या वर्षी, तिने डोळे मिटले. जॉन मोठे शास्त्रज्ञ झाले आणि आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला जाऊन त्यांनी दक्षिण आकाशातले तारे तशाच रीतीने मोजले.

काम पुढे कसे गेले

ताऱ्यांच्या गतीवरून आकार ओळखण्याची वाट मात्र बंद पडली नाही. त्यासाठी ताऱ्यांच्या अचूक जागा हव्या होत्या. आज नोंदवलेली जागा पन्नास-शंभर वर्षांनी पुन्हा पाहिली तरच गती कळते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अनेक देशांनी मिळून सारे आकाश वाटून घेतले. व्हॅटिकनच्या वेधशाळेच्या वाट्याचे काम मारिया बांबिना संघाच्या चार धर्मभगिनींनी १९१० ते १९२१ या काळात केले आणि सुमारे ४ लाख ८१ हजार ताऱ्यांच्या जागा मोजल्या. आपला मराठवाडा ज्या निजामाच्या राज्यात होता, तिथल्या हैदराबादच्या निजामिया वेधशाळेनेही आपल्या वाट्याचे लाखो तारे मोजले. हे काम करणाऱ्यांना ठाऊक होते की फळ पुढच्या पिढीला मिळणार.

१९१८ साली शॅप्ले यांनी दाखवले की सूर्य मध्यावर नाही, बराच बाजूला आहे. १९२७ साली लिंडब्लाड आणि ऊर्ट यांनी ताऱ्यांच्या गतींवरूनच सिद्ध केले की सगळी चकती फिरते आहे. आतले तारे फेरी लवकर पूर्ण करतात, बाहेरचे उशिरा. पुढे हायड्रोजन वायूच्या रेडिओ लहरी पकडता आल्या. त्या धुळीतूनही आरपार येतात, म्हणून चकतीचे सर्पिल हात उमगू लागले. अशा लहरी ऐकणाऱ्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या नाशिक-पुणे रस्त्यावरील नारायणगावजवळ, खोडद आणि आजूबाजूच्या गावांत उभ्या आहेत. २०१३ साली युरोपने सोडलेल्या गाइया उपग्रहाने जानेवारी २०२५ पर्यंत दोनशे कोटींच्या आसपास तारे टिपले. हर्शल यांच्या हाती डझनभर होते!

आज आपल्याला माहीत आहे की सूर्य केंद्रापासून सुमारे २६ हजार प्रकाशवर्षे दूर आहे आणि सेकंदाला सुमारे २३० किलोमीटर वेगाने फिरत एक फेरी साधारण २३ कोटी वर्षांत पुरी करतो. रविवारची मिस्सा तासभर चालते. तेवढ्या वेळात आपण सर्वजण बाकांसकट आठ लाख किलोमीटर पुढे गेलेलो असतो. बाकावर कोणाला धक्काही लागत नाही.

पालकांना एक विनंती आहे. ऑक्टोबरमध्ये पाऊस उघडला की मुलांना गच्चीवर न्या. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास वायव्येला उंचावर एक निळसर पांढरा तेजस्वी तारा दिसेल. तो अभिजित. शेजारच्या ताऱ्यांमधून वाट काढीत सूर्य आपल्याला साधारण त्याच बाजूला नेतो आहे. मुलांना हे सांगा, आणि हेही सांगा की ही दिशा एका ऑर्गनवादकाने ओळखली. घरातल्या, कामावरच्या किंवा धर्मग्रामातल्या वादात आपले म्हणणे चुकले हे कळूनही आपण किती वेळा गप्प बसतो! आपणच मध्यावर आहोत असे वाटू लागले, की भोवती धुके तर नाही ना, हे एकदा तपासून पाहावे. हर्शल यांनी सत्तरी ओलांडल्यावर ते तपासले, आणि आपल्या हाताने काढलेला नकाशा आपल्या हाताने खोडला.